हॅमस्ट्रिंगसाठी मसल एनर्जी तंत्र : हात कसा बसवावा

मसल एनर्जी तंत्रात रुग्ण स्नायू हलकेच आवळतो, आपण विरोध करतो आणि तो सैल पडला की ताण थोडा वाढवतो. अमेरिकन ऑस्टिओपॅथ (हाडं-स्नायूंवर हाताने उपचार करणारे डॉक्टर) फ्रेड मिचेल (सीनियर) यांनी रुजवलेलं हे तंत्र फिजिओथेरपिस्टने शिकताना हॅमस्ट्रिंगपासून, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंपासून सुरुवात करावी. चूक लगेच हाताला कळते.

रुग्णाला उताणं झोपवा. गुडघा सरळ ठेवून पाय सावकाश उचला, टाच आपल्या खांद्यावर टेकवा. दुसऱ्या हाताने गुडघ्याच्या वर, मांडीवर आधार द्या. पहिला अडथळा, म्हणजे स्नायूचा पहिला विरोध जाणवला की तिथेच थांबा. ताण ‘मस्त बसेपर्यंत’ ढकलायची नवशिक्यांची सवय इथे नडते, कारण स्नायू आधीच बचावाला आकसलेला असतो.

आता रुग्णाला टाच खाली दाबायला सांगा, फक्त 20 टक्के जोराने, 5 ते 7 सेकंद. तुम्ही तेवढाच विरोध करा. पाय हलता कामा नये. ‘जोर लावा’ म्हणालात की रुग्ण कंबर उचलतो आणि श्वास रोखतो. त्याऐवजी ‘हलकेच दाबा’ म्हणा. मग पूर्ण सैल सोडायला लावा, 2-3 सेकंद थांबा, उच्छ्वासासोबत नव्या अडथळ्यापर्यंत जा. असं 3 ते 5 वेळा.

पाऊल वर वळवल्यावर मुंग्या किंवा वीज गेल्यासारखी कळ आली, तर ताण स्नायूचा नसून बहुधा नसेचा (मज्जातंतूचा) आहे. तंत्र थांबवून तपासणीकडे वळा. ताजी स्नायूफाट, न जुळलेलं हाड किंवा पोटरीत रक्ताची गुठळी असल्याची शंका असेल, तर हात लावूच नका.

सुरुवातीचा आणि शेवटचा कोन गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायच्या साधनाने) मोजून नोंदवा. नुसत्या अंदाजात आपल्याच मनासारखा कोन दिसतो.