‘मिस्चिव्हस’ की ‘मिस्चीव्हियस’?
‘मिस्चिव्हस’ या इंग्रजी विशेषणाचा उच्चार पुष्कळ जण ‘मिस्चीव्हियस’ असा करतात आणि त्यामुळे लिहिताना ‘व्ही’नंतर एक जादा ‘आय’ घुसतो. प्रमाण उच्चारात मात्र तीनच उच्चारावयव (मिस्-चि-व्हस) असून आघात, म्हणजे उच्चारातला जोर, पहिल्यावर येतो. ‘मिस्चिफ’ या नामातील शेवटचा ‘एफ’ काढून ‘व्ही’ ठेवावा व पुढे थेट ‘ओ-यू-एस’ जोडावे, म्हणजे स्पेलिंग चुकत नाही. ‘सी-एच’नंतरचा ‘आय-ई’ हा क्रम तेवढा पाठच करावा लागतो. मुलाविषयी किंवा हास्याविषयी वापरल्यास या शब्दाचा अर्थ खोडकर, मिश्कील असा सौम्य असतो. परंतु अफवेला किंवा आरोपाला तो लावला की हेतुपुरस्सर अपाय करणारा असा गंभीर अर्थ होतो आणि तेथे ‘खोडकर’ हे भाषांतर सपशेल फसते.