थँक्सगिव्हिंगसाठी रताळ्याचे कॅसरोल, पण पाणचट नव्हे

नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचे जेवण असते आणि त्याच्या आदल्या आठवड्यात नव्याने अमेरिकेत आलेल्या मराठी कुटुंबांपैकी कोणी ना कोणी मला रताळ्याच्या कॅसरोलची कृती विचारते. कृती सोपीच आहे. रताळ्यांचा लगदा करून त्यात बटर, दूध व अंडी मिसळायची, वर पेकानचा (अक्रोडासारख्या सुक्या मेव्याचा) खुसखुशीत थर द्यायचा आणि अर्धा तास ओव्हनमध्ये ठेवायचे. तरीही हा पदार्थ दर दुसऱ्या घरी बिघडतो, आणि त्याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते, ते म्हणजे लगद्यात राहिलेले पाणी.

आठ ते दहा माणसांसाठी 4 पौंड, म्हणजे सुमारे 1800 ग्रॅम रताळी घ्यावीत. ती केशरी गराची हवीत. ‘बोरगार्ड’ किंवा ‘कव्हिंग्टन’ या जाती येथे सहज मिळतात, आणि दोन्ही या कामाला उत्तम आहेत. दुकानातल्या पाटीवर ‘याम’ लिहिलेले असले तरी गोंधळून जाऊ नये. खरा याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद. लुइझियानातल्या शेतकऱ्यांनी 1930च्या दशकात आपली केशरी, मऊ रताळी वेगळी ओळखू यावीत म्हणून ते नाव उचलले आणि ते चिकटून राहिले. मात्र ‘याम’ म्हणून डब्यात मिळणाऱ्या, साखरेच्या पाकात बुडवलेल्या फोडी घेऊ नयेत. त्यांनी अर्धा तास वाचतो हे खरे, पण चव पाकाचीच लागते. आणलेली रताळी फ्रीजमध्येही ठेवू नयेत, कारण थंडीने त्यांचा गाभा दडदडीत होतो आणि मग कितीही भाजले तरी तो मऊ होत नाही.

आता मुख्य गोष्ट. रताळी उकडू नयेत, भाजावीत. बहुतेक झटपट कृतींमध्ये रताळी सोलून, फोडी करून वीस मिनिटे पाण्यात उकडायला सांगतात, आणि मीही पहिली दोन वर्षे तेच केले. पहिल्या वर्षी लगदा चांगला दिसला, पण साखर घातल्यावर तो सैल पडत गेला आणि ओव्हनमधून काढेपर्यंत वरचा पेकानचा थर मध्यभागी खचून त्याभोवती पिवळसर पाणी साचले होते. यजमानीणबाईंनी ते सौजन्याने ‘पुडिंग’ म्हणून वाढले. दुसऱ्या वर्षी कोणाच्या तरी सल्ल्यावरून मी त्यात मैदा घातला. पाणी आटले, पण खळ खाल्ल्यासारखे वाटले. ओल्या लगद्यावर मैदा, कॉर्नस्टार्च किंवा तिसरे अंडे हा उपाय सांगणाऱ्यांनी तो स्वतः खाऊन पाहिला असेल, असे मला वाटत नाही.

भाजण्याने पाणी उडते, पण तेवढ्याचसाठी हा खटाटोप नाही. रताळ्यातल्या पिठूळ भागाचे गोडीत रूपांतर करणारे विकर (एन्झाइम) साधारण 57 ते 77 अंश सेल्सिअस या तापमानात काम करते. फोडी उकळत्या पाण्यात टाकल्या की त्या हा टप्पा काही मिनिटांत ओलांडून जातात. अखंड रताळे ओव्हनमध्ये हळूहळू तापते, त्या टप्प्यात बराच वेळ राहते आणि मनाजोगे गोड होते. म्हणूनच भाजलेल्या रताळ्याला उकडण्याच्या कृतींतल्या साखरेपैकी निम्मी पुरते. मायक्रोवेव्ह इथेही घाई करतो, म्हणून तोही नको.

मध्यम आकाराची, शक्यतो सारख्या जाडीची रताळी धुऊन पुसावीत, काट्याने ठिकठिकाणी टोचावीत आणि ट्रेवर ॲल्युमिनियम फॉइल अंथरून त्यावर मोकळी ठेवावीत. फॉइलमध्ये गुंडाळू नयेत, कारण गुंडाळले की वाफ आतच कोंडते आणि भाजणे नावापुरते उरून पुन्हा उकडणेच होते. ट्रे थंड ओव्हनमध्येच सरकवावा आणि मग तापमान 400 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 200 अंश सेल्सिअस लावावे. सव्वा ते दीड तास लागतो. घड्याळापेक्षा रताळ्याकडे पाहावे. साल गरापासून सुटून सुरकुतते, टोचलेल्या भोकांतून काकवीसारखा रस बाहेर येतो, फॉइलवर पडून उकळतो आणि काळपट, चिकट होतो. हा रस दिसेपर्यंत रताळे काढू नये. सुरी आत सहज गेली म्हणजे झाले, असे समजून मी ते अनेकदा आधीच काढले आहे. सुरी जाणे आणि रताळे होणे यांत किमान वीस मिनिटांचे अंतर असते.

बाहेर काढल्यावर लगेच प्रत्येक रताळे उभे चिरून उघडे ठेवावे, म्हणजे उरलीसुरली वाफ निघून जाईल. दहा मिनिटांनी साल हाताने ओढून निघते. गर मोठ्या भांड्यात घेऊन विजेच्या हँड मिक्सरने एक-दोन मिनिटे घुसळावा. मिक्सरच्या पात्यांभोवती रताळ्याचे दोरे गुंडाळले जातात, ते धुऊन टाकून पुन्हा घुसळावे. ही युक्ती मला नॉर्थ कॅरोलायनातल्या एका शेजारच्या आजींनी दाखवली, आणि तेव्हापासून मी चाळणीतून गर गाळण्याची मेहनत सोडून दिली. आता लाकडी उलथणे लगद्यातून ओढून पाहावे. मागे उमटलेली रेघ तशीच राहिली तर लगदा योग्य आहे. रेघ भरून आली किंवा तिच्यात पाणी जमले, तर जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर आठ-दहा मिनिटे परतावा, दुधीहलव्याचा कीस आटवतो तसा.

लगदा कोमट झाल्यावर त्यात 60 ग्रॅम बटर, अर्धा कप दूध, पाव कप ब्राउन शुगर, एक छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा व्हॅनिला, अर्धा चमचा दालचिनीची पूड आणि किंचित जायफळ घालावे. मीठ कमी करू नये. हा पदार्थ भाजलेल्या टर्की पक्ष्याशेजारी, मुख्य जेवणातच वाढतात. ताटाच्या डावीकडे की उजवीकडे, हा प्रश्न आपल्या पाहुण्यांना पडतो, पण त्याला उत्तर नाही. शेवटी दोन अंडी फेटून मिसळावीत. अंडे न खाणाऱ्यांनी ती सरळ वगळावीत आणि दूध निम्मे करावे. थर हलका फुगत नाही, इतकेच. 13 बाय 9 इंचांच्या भांड्याला बटर लावून लगदा पसरावा.

वरच्या थरासाठी एक कप जाडसर चिरलेले पेकान, अर्धा कप ब्राउन शुगर, एक तृतीयांश कप मैदा, चिमूटभर मीठ आणि 60 ग्रॅम थंड बटर बोटांनी चुरून घ्यावे आणि भुरभुरावे. पेकान नसतील तर अक्रोड चालतात. मार्शमेलोचा, म्हणजे साखरेच्या मऊ, फुगीर गोळ्यांचा थर मात्र माझ्या घरी होत नाही. 1917 साली एका मार्शमेलो कंपनीने आपला माल खपावा म्हणून काढलेल्या पाककृतींच्या पुस्तिकेमुळे ही प्रथा रूढ झाली, आणि रताळ्याच्या गोडीवर ती नुसती साखर ओतते. शिवाय मार्शमेलोत जिलेटिन असते आणि ते प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनते, हे पंगतीतल्या शाकाहारी पाहुण्यांना कोणी सांगत नाही. मुले हट्टच धरत असतील तर त्यांच्यासाठी छोटे भांडे वेगळे करावे.

गुरुवारी ओव्हन टर्कीने अडवलेला असतो, म्हणून अंडी वगळता सारा लगदा मंगळवारी किंवा बुधवारी करून झाकून फ्रीजमध्ये ठेवावा आणि वरचा चुरा वेगळ्या डब्यात ठेवावा. टर्की बाहेर निघण्यापूर्वी तासभर लगदा फ्रीजबाहेर काढावा. टर्की कापण्याआधी तिला अर्धा-पाऊण तास विसावा द्यावाच लागतो. तेवढ्यात लगद्यात अंडी मिसळून, चुरा पसरून, 350 अंश फॅरनहाइटवर (सुमारे 175 सेल्सिअस) 30 ते 35 मिनिटे भाजावे. कडेने बुडबुडे आले आणि पेकान गडद झाले की काढावे, आणि दहा मिनिटे थांबून वाढावे.

हीच कृती महाराष्ट्रात करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की महाशिवरात्रीला बाजारात येणारी लाल सालीची, पांढऱ्या गराची रताळी कोरडी असतात. त्यांना दूध पाऊण ते एक कप लागते आणि पातेल्यात परतण्याची गरज पडत नाही. लगदा उरला तर अंडी घालण्यापूर्वीच थोडा बाजूला काढावा आणि त्यात मावेल तेवढी कणीक मळून शुक्रवारी सकाळी घारगे तळावेत.