आडगावात घर घेताना या चुका टाळा : गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून

डिसेंबरात मुंबई-पुण्याचे पाहुणे येतात, ओहोळाकाठी बसून पेज जेवतात आणि हात धुताना विचारतात, "इथंच एखादं जुनं घर मिळेल का हो?" मिळतं की. पण डिसेंबरात गोव्यातलं कुठलंही घर देखणंच दिसतं आणि फसगत तिथूनच सुरू होते.

घर दोनदा बघा, एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैत. मी पाहिलं होतं जानेवारीत. विहिरीत पाणी बघून जीव हरखला, त्यात बारीक मासेसुद्धा होते. मालक म्हणाले, "बारमाही आहे." मे अर्धा सरला आणि पंपातून पाण्याऐवजी नुसती फुसफुस यायला लागली. कळशी सोडली की तळाच्या खडकावर ठण्णकन आपटायची आणि अर्धीच भरून वर यायची, तीही गढूळ. मालक खोटं बोलले नव्हते. विहीर बारमाही होती, पण कळशीनं पाणी ओढणाऱ्या घरापुरती. टाकी, शॉवर आणि दोन न्हाणीघरांचा हिशेब तिनं कधी केलाच नव्हता. शेजारच्या आजी नंतर म्हणाल्या, "पुता, शिगम्यानंतर मोटर लावायची नसते." आधी विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं.

जुलैची फेरी वेगळ्या कारणासाठी. गोव्यात पावसाळ्यात साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, घाटाच्या पायथ्याशी त्याहून जास्त. गावात शिरायच्या पुलावरून पाणी जातं का, गेलं तर किती वेळ, हे बघा. नदीकाठचं घर असेल तर जुलै २०२१ मध्ये पाणी कुठवर आलं होतं ते विचारा. म्हादई नदीनं तेव्हा सत्तरीत घरांत पाणी घातलं होतं, लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात. चिऱ्याच्या भिंती वाऱ्याच्या बाजूनं पाणी पितात, म्हणून शेजारी त्या बाजूला चुडतांच्या झडी (माडाच्या झावळ्यांचे आडोसे) बांधतात का तेही पाहून ठेवा. वीज गेली की काही तासांनी मोबाईलची रेंजही जाते. घरून काम करणाऱ्यांनी हा मुद्दा दोनदा वाचावा.

कागदपत्रांत सगळ्यांत मोठी चूक म्हणजे एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबाराच म्हणा) नाव दिसलं की विसार देऊन मोकळं होणं. गोव्यात अजून पोर्तुगीज नागरी संहितेच्या वळणाचे कायदे चालतात. नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते, त्यामुळे विकताना दोघांचीही सही लागते. आजोबांच्या नावावरचं घर असेल तर सगळे वारस आणि त्यांचे जोडीदार आले, मग त्यातला एक लिस्बनला का असेना! इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, झाली आहे का, हा पहिला प्रश्न. आवारात मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या कुळाचं, घर असेल तर १९७५ च्या कायद्यानं त्याला संरक्षण आहे, त्याला उठवून देण्याचं तोंडी आश्वासन घेऊ नका. झोन सेटलमेंट (वस्तीचा) की ऑर्चर्ड (बागायतीचा) ते तपासा, बांधकामाची सनद, म्हणजे जमीन त्यासाठी वापरायची सरकारी परवानगी, बघा. आणि भातशेत स्वस्तात मिळतंय म्हणून भुलू नका, २०२३ च्या कायद्यानं ते शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही.

दवाखान्याचं थोडक्यात सांगतो. वाळपईला सरकारी इस्पितळ आहे, पण मोठं काही झालं तर बांबोळीचं मोठं सरकारी इस्पितळच गाठावं लागतं. घरात वयस्कर माणसं असतील तर ते अंतर रात्रीच्या वेळी एकदा स्वतः गाडीनं कापून बघा. काजूच्या दिवसांत सत्तरीत माकडतापाची भीती असते आणि तो गोचिडीमुळे पसरतो. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्रात कळवा.

शेवटची चूक नवखे हौसेनं करतात : आल्या आल्या कंपाउंड घालतात. तुमच्या भाटातून (बागायतीतून) जाणारी ती अरुंद वाट नकाशात नसेलही, पण वाड्यावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच वाटेनं मांडावर (गावाच्या उत्सवाच्या जागी) आणि देवळात जात आली असतात. माझ्या ओळखीच्या एकानं तिथं गेट बसवलं. कोणी भांडलं नाही. फक्त त्या वर्षी त्याला नारळ काढायला पाडेली मिळाला नाही, आणि चवथीला (गणेशचतुर्थीला) कुणी बोलावलंही नाही. पुढल्या वर्षी त्यानं गेटचं कुलूप काढलं.