दहा भोकं जुळली, तरी चाक बसेना

ऊस हंगामाच्या तोंडावर माझ्या ट्रकसाठी जालन्यातून परदेशी ट्रेलरच्या सहा जुन्या डिस्क (टायर बसतो ती लोखंडी चाकं) आणल्या. बोल्टची भोकं माझ्या चाकांसारखी दहाच, म्हणून निर्धास्त होतो. पहिलीच डिस्क हबवर (आसाच्या टोकाला चाक बसतं तो भाग) चढेना. मग टेप लावला: एका भोकाच्या डाव्या कडेपासून थेट समोरच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत. माझ्या ट्रकचं माप 335 मिमी, यांचं जेमतेम 286. मधलं भोकही 281 ऐवजी 220. मिस्त्री म्हणाला, “दादा, भोकं वाढवून देतो.” मी साफ नाही म्हटलं, भरल्या गाडीचं चाक निखळलं तर माणसं जातात.

बदलून आणलेल्या डिस्कची मापं जुळली. तरी नटांची बैठक पाहिली (माझे नट सपाट वॉशरचे, उतरत्या कडेच्या भोकाला ते चालत नाहीत), जोडचाकांतली फट तपासली. पन्नासेक किलोमीटरवर नट पुन्हा आवळले.