लाईट जाणाऱ्या गावात अँटिबॉडी जपताना

यवतमाळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, आणि दुपारी लाईट गेली की कधी येईल याचा नेम नसतो. अशा ठिकाणी फॉस्फो-ईआरके (फॉस्फेट लागलेलं ईआरके हे पेशीतलं प्रथिन) ओळखणारी अँटिबॉडी टिकवायची तर कुपी हाती येताच आधी तिचं माहितीपत्रक वाचा. त्यात ५० टक्के ग्लिसरॉल असेल तर ती उणे २० अंशांवरही गोठत नाही, छोट्या ट्यूबांत वाटून ठेवायची गरज नाही. ग्लिसरॉल नसेल तर मात्र त्याच दिवशी वाटा. कुपी आधी सेंट्रिफ्यूजमध्ये दहा सेकंद फिरवा, झाकणाला चिकटलेला थेंबही खाली येतो. मग १०-१० मायक्रोलिटर छोट्या ट्यूबांत भरा, तारीख आणि लॉट नंबर लिहा. याहून लहान वाटे करू नका, ट्यूबच्या भिंतीलाच बरीच चिकटून वाया जाते. एकदा वितळलेली ट्यूब पुन्हा गोठवू नका.

ट्यूबा फ्रीझरमध्येच, पण थर्माकोलच्या डब्यात, गोठलेल्या जेल पॅकच्या मधोमध ठेवा. लाईट गेली की दार अजिबात उघडू नका. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर यासाठी नकोच, तो मधूनमधून आतून तापतो.

आणि हो, वेस्टर्न ब्लॉटमध्ये (पटलावरचे प्रथिनांचे पट्टे अँटिबॉडीनं शोधताना) ब्लॉकिंगला, म्हणजे पटलाच्या रिकाम्या जागा आधी झाकायला, दूध पावडर वापरू नका. दुधातल्या केसिनवरच फॉस्फेट असतं, त्यानं पार्श्वभूमी काळवंडू शकते. ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घ्या, म्हणजे ईआरकेचे ४४ आणि ४२ किलोडाल्टनचे (प्रथिनाच्या वजनाचं एकक) दोन पट्टे स्पष्ट दिसतील.