मान टाकलेलं ऑर्किड वाचवायचं तर आधी मुळं बघा

पानं सुरकुतली, लोळायला लागली, की घरातलं कुणीतरी पाण्याचा तांब्या घेऊन धावतं. ऑर्किडचा जीव जातो तो इथंच. घरात भेट म्हणून येणारी ऑर्किडं बहुतेक फॅलेनॉप्सिस असतात, आणि बेळगावच्या हवेत त्यांची पानं मलूल होतात ती बहुतेक वेळा मुळंच कुजल्यामुळं. पाणी ओढणारं खाली कुणी उरलेलं नसताना वरून कितीही ओता, पानापर्यंत थेंब पोचत नाही. उलट जी चार मुळं तग धरून आहेत तीही जातात.

बर्फाचे खडे, ताक, तांदळाचं धुवण, केळ्याच्या सालींचं पाणी हे सगळं बंद करा. आजारी मुळांना यातलं काहीही पचत नाही, आणि आंबलेल्या पाण्यानं बुरशी मात्र पोसली जाते.

हे झाड मातीतलं नव्हे. जांबोटी, लोंढ्याकडं पावसाच्या तोंडाला झाडांच्या खोडांवर सीतेची वेणी फुललेली दिसते. तिची मुळं सालीला धरून उघडीच असतात; सरीत भिजतात, वारा आला की वाळतात. लोक तिला बांडगूळ समजतात, पण ती झाडाचा रस पीत नाही, फक्त आधार घेते. (जंगलातून ती ओरबाडून घरी आणू नका. खोडावरून उपटलेली ऑर्किडं घरात फार क्वचित जगतात.) फॅलेनॉप्सिसची मुळंही त्याच घडणीची आहेत. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पेल्यात नेमकी तीच नसते.

फुलांचा दांडा असेल तर तो बुडापासून कापा. फुलं शिल्लक असली तरी कापा आणि फुलदाणीत ठेवा. झाड कुंडीतून काढा आणि कोमट पाण्यात वीसेक मिनिटं बुडवून ठेवा.

आता खरं काम. या टप्प्याशी मलाही बराच काळ झगडावं लागलं. वरचा भुसा झाडला की मुळं बरी दिसतात आणि माणूस तिथंच थांबतो. थांबू नका. बुंध्याच्या बरोबर खाली, मुळांच्या गुंत्याच्या आत, शेवाळाचा (मॉसचा) एक घट्ट गोळा असतो. रोपवाटिकेत रोप लहान असताना भरलेला तो गोळा झाडासोबत तसाच वाढत येतो. बाहेरचं सगळं कोरडं झालं तरी तो आठ-आठ दिवस ओला राहतो आणि कुज तिथून सुरू होते. चिमट्यानं किंवा बोथट काडीनं तो थोडा थोडा करून पूर्ण काढा. अर्धा तास लागला तर लागू दे. एखादं चांगलं मूळ मोडलं तरी चालेल, गोळा मात्र आत राहता कामा नये.

मग कापायचं काय आणि ठेवायचं काय? ‘तपकिरी मुळं कापून टाका’ हा सल्ला सगळीकडं मिळतो आणि त्यानं चांगली झाडं मेलेली मी पाहिली आहेत. अंधारात, शेवाळात वाढलेलं मूळ रंगानं पिवळट किंवा तपकिरीच असतं. रंगावर जाऊ नका, बोटांवर विश्वास ठेवा. प्रत्येक मूळ वरपासून खालपर्यंत चिमटीत दाबत जा. घट्ट लागलं तर ते जिवंत आहे, मग रंग कसाही असो. दाबल्यावर पिचकन पाणी आलं, किंवा वरचं साल भिजवलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखं सुटून आतला दोरा तेवढा हातात राहिला, तर ते मेलं. अर्धं घट्ट, अर्धं मऊ असेल तर मऊ भाग तेवढा कापा. कात्री आधी स्पिरिटनं पुसा आणि दुसऱ्या झाडाला लावण्यापूर्वी पुन्हा पुसा. दालचिनीची पूड लावायची तर फक्त कापलेल्या टोकाला. ती मुळांना शोषून सुकवते, अख्ख्या मुळांवर भुरभुरवू नका.

मधलं कोवळं पान ओढताच काळं पडून हातात आलं, तर शेंडा गेला. त्या जागी नवं पान येणार नाही. तरीही मुळं घट्ट असतील तर झाड फेकू नका, बुडातून कधी कधी नवा कोंब फुटतो.

कुंडी उरलेली मुळं जेमतेम मावतील एवढीच घ्या. मोठी कुंडी म्हणजे पुन्हा कुज. भोकं भरपूर हवीत, बाजूलाही. भरायला लाकडी कोळसा, कौलाच्या खापऱ्या आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे. आपल्याकडं खानापुरी कौलं घराघरांवर, त्यामुळं खापऱ्यांना तोटा नाही. सोडण दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवा, त्यातला खार निघून जाऊ दे. प्रमाण तुमच्या गावावर ठरतं. खानापूर, जांबोटीच्या पावसात सोडण नावापुरतं. अथणी, चिकोडीच्या कोरड्या हवेत निम्म्यापर्यंत चालेल. माती चिमूटभरसुद्धा नको.

लावल्यावर तीन-चार दिवस पाणी नाही. कापलेल्या जखमा सुकू द्या.

पुढं वाराचं वेळापत्रक नको, मुळं सांगतील तसं पाणी द्या. ओली मुळं हिरवी दिसतात, सुकली की रुपेरी करडी होतात. रुपेरी झाल्यावरच सकाळी भरपूर पाणी घालून पूर्ण निथळू द्या. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर कापसानं टिपा. जुलै-ऑगस्टच्या झडीत दहा दिवस पाणी लागलं नाही तरी घाबरू नका, आणि झाड उघड्या गच्चीवर ठेवू नका. बोअरचं पाणी जड असेल आणि मुळांवर पांढरी पुटं चढत असतील, तर पागोळ्यांचं पाणी धरून ठेवा. जागा पूर्वेच्या खिडकीची, मार्च-एप्रिलमध्ये पातळ पडदा.

नव्या मुळाचं हिरवं चकचकीत टोक दिसेपर्यंत खत अजिबात नाही. त्याला दोन महिनेही लागतात, कधी जास्त. ते दिसलं की कृषी केंद्रातलं १९:१९:१९ लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. जुनी सुरकुतलेली पानं पूर्ववत होणार नाहीत. नवं पान ताठ आलं की झाड सावरलं असं समजा.

नोव्हेंबरनंतर बेळगावच्या रात्री गार होतात आणि त्या गारव्यानं फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा फुटतो. दोनच पानं नि तीन मुळं असलेल्या झाडालाही तो फुटू शकतो. मुळाचं टोक गोल असतं, दांड्याचं चपटं. ओळख पटली की बोटभर व्हायच्या आत खुडून टाका. त्या वर्षी फुलं नाहीत. चार जाड पानं आणि कुंडीभर मुळं झाल्यावर पुढच्या थंडीत दांडा आला, तर तो ठेवा.