पोट सगळ्यात शेवटी जातं, त्या हिशेबानं प्लॅन करा

वजन पाच-सहा किलोनं उतरतं, चेहरा बसतो, पँट मांड्यांवर सैल पडते, लोक म्हणायला लागतात काय रे बारीक झालास, आणि पोट मात्र आहे तिथंच. मग माणूस रोज शंभर क्रंचेस मारायला लागतो नाहीतर फॅट बर्नरची डबी मागवतो आणि महिन्याभरात कंटाळून सगळंच सोडून देतो. बहुतेकांचं तोपर्यंत काहीच चुकत नसतं, फक्त पोटाचा नंबर अजून आलेला नसतो.

पोटाची चरबी दोन जागी असते. एक आत, लिव्हर आणि आतड्यांच्या भोवती, तिला व्हिसरल फॅट म्हणतात, आणि दुसरी कातडीखालची जी चिमटीत धरता येते. तब्येतीला जास्त घातक ती आतली, आणि बरं हे की खाणं आवरलं आणि हालचाल वाढली की तीच तुलनेनं लवकर उतरते. मागं राहते ती बेंबीखालची चिमटीतली. चरबीच्या पेशींवर दोन तऱ्हेचे रिसेप्टर (हार्मोनचा निरोप घेणाऱ्या जागा) असतात, बीटावाले चरबी सोडायला लावतात आणि अल्फा-2 वाले तिला अडवून धरतात, आणि पुरुषांच्या बेंबीखाली, बायकांच्या मांड्या-नितंबांवर हे अडवणारे जास्त असतात. म्हणजे कुठली चरबी आधी जाणार हे तुमचे जीन्स आणि हार्मोन ठरवतात, तुम्ही कुठला व्यायाम केला त्यावर ते ठरत नाही. क्रंचेस मारून खालचा स्नायू तयार होतो, वरची चरबी तशीच.

आणि ते पोटाला बांधायचे घामाचे पट्टे, त्यांच्या नादाला लागू नका. चरबी जळते तेव्हा तिचा बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडतो, 10 किलो चरबी गेली तर साधारण 8.4 किलो श्वासावाटे आणि उरलेली 1.6 किलो पाण्याच्या रूपात. पट्ट्यानं निघालेला घाम दोन ग्लास पाणी प्यायलं की परत भरून येतो.

सुरुवात काट्यापेक्षा टेपनं करा. सकाळी उठून, टॉयलेटला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी सरळ उभं राहायचं, सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड दोन्ही बोटांनी चाचपायचं, त्या दोन्हींच्या मधोमध टेप लावायची, ती मागच्या बाजूनं खाली घसरलेली नाही ना बघायचं, नेहमीसारखा श्वास सोडायचा आणि तेव्हाचा आकडा लिहायचा. पोट आत ओढायचं नाही, फसवणार कुणाला? हा आकडा उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा, म्हणजे उंची 170 सेमी असेल तर 85 च्या आत. आठवड्यातून एकदा पुरे. वजन रोज केलंत तरी चालेल पण बघायची ती आठवड्याची सरासरी, कारण एखाद्या दिवशी मीठ जास्त झालं, पाळी जवळ आली किंवा कार्ब्स जरा जास्त पोटात गेले तरी काटा किलोभर वर जातो आणि ते सगळं पाणी असतं. डाएटच्या पहिल्या आठवड्यात जे धडाधड उतरतं त्यातलंही बरंचसं पाणीच, उगाच पेढे वाटू नका.

आता खाणं, कारण खरी लढाई इथंच आहे. एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी असतात, त्यामुळे खर्चापेक्षा रोज 400-500 कॅलरी कमी गेल्या (यालाच तूट म्हणतात) तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास उतरतं, आणि एवढाच वेग ठेवा. हजार-बाराशेनं कापलं तर सुरुवातीला मजा वाटते पण स्नायू झिजतात, चिडचिड होते, भूक डोक्यात जाते आणि एके दिवशी रात्री फ्रिजसमोर उभं राहून सगळा हिशेब फिटतो. पोट शेवटी जाणार असेल तर महिनोन्‌महिने टिकेल असंच खाणं हवं ना.

सगळ्यात आधी प्रोटीन नीट करा. वजनाच्या प्रत्येक किलोमागं 1.6 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे 70 किलोच्या माणसाला दिवसाला 110 ग्रॅम. वजन खूपच जास्त असेल तर जिथं पोचायचंय त्या वजनावर हिशेब करा आणि किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका. ऐकायला सोपं वाटतं पण एका अंड्यात 6 ग्रॅम, 100 ग्रॅम शिजलेल्या मसुरीत 9 आणि तेवढ्याच शिजलेल्या चिकन ब्रेस्टमध्ये 30 च्या आसपास, त्यामुळे प्रत्येक जेवणात आठवणीनं घेतलं नाही तर आकडा काही गाठला जात नाही. प्रोटीननं पोट भरल्यासारखं राहतं, स्नायू टिकतात, आणि ते पचवायलाच त्यातल्या 20 ते 30 टक्के कॅलरी खर्च होतात.

दुसरी गोष्ट तेल. भात सोडला, साखर सोडली तरी वजन हलत नाही म्हणणाऱ्यांच्या किचनमध्ये एकदा डोकावून बघा, बाटलीतून कढईत थेट धार. एक मोठा चमचा तेल म्हणजे 120 कॅलरी, आणि अंदाजानं ओतलं की दोन-तीन चमचे सहज पडतात. चमच्यानं मोजून घाला, एवढ्या एका सवयीनं काही जणांची निम्मी तूट निघते. शेंगदाणे-बदाम चांगले आहेत, पण पाकीट मांडीवर घेऊन बसायची गोष्ट नाही ती. ज्यूस, गोड चहा-कॉफी, दारू हे प्यायल्यानं भूक भागत नाही आणि कॅलरी मात्र पूर्ण मोजल्या जातात, दारूत तर ग्रॅममागं 7. रात्री भात खाल्ला की चरबी होते वगैरे सोडून द्या, दिवसाची बेरीज महत्त्वाची. इंटरमिटंट फास्टिंगचंही तेच, खायचे तास कमी केल्यानं एकूण खाणं कमी होत असेल तर उपयोग, नाहीतर नाही.

व्यायामात लोक उलटं करतात, तासभर कार्डिओ आणि वजनं अजिबात नाहीत. मी म्हणेन आठवड्यातून दोन-तीन दिवस वजनं उचला, स्क्वॉट, डेडलिफ्टसारखं काहीतरी, पुशअप किंवा प्रेस, आणि ओढायचा एखादा व्यायाम, रो किंवा पुलअप, बास. तुटीत असताना शरीराला कारण दिलं नाही तर ते स्नायूही मोडून खातं, मग वजन कमी होतं पण पोट मऊच राहतं. त्याच्या जोडीला भरभर चालणं, जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते ते चालण्यात सहज भरतं. घड्याळात 400 कॅलरी जळाल्या दिसल्या म्हणून तेवढं जास्त खायचं नाही, ते आकडे बऱ्याचदा फुगलेले असतात.

पोटाचे व्यायाम करूच नका असं नाही हं. डेड बग करून बघा: पाठीवर झोपा, हात छताकडे, गुडघे काटकोनात वर, कंबर जमिनीला चिकटलेली, आणि श्वास सोडत उजवा हात डोक्यामागं आणि डावा पाय पुढं हळूहळू न्या, मग बाजू बदला. कंबर उचलली गेली की समजा पाय जरा जास्त खाली गेला. चरबी जाणार नाही, पण उभं राहताना पोट सांभाळलं जातं, आणि काहींचं पोट अर्धं तर पोक काढून किंवा कंबर पुढं ढकलून उभं राहिल्यानंच दिसतं.

झोप हा विषय सगळे ऐकून सोडून देतात. 2010 साली आलेल्या एका छोट्या अभ्यासात जाड माणसांना तेवढंच कमी खायला देऊन एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपायला दिलं होतं, वजन दोन्हीकडं साधारण सारखंच उतरलं पण कमी झोपेत त्यातला चरबीचा वाटा 55 टक्क्यांनी घटला. सात तास तरी झोपा.

राहिली सप्लिमेंट्स. व्हे प्रोटीन (दुधातून काढलेली प्रोटीन पावडर) हे खाणंच आहे, जेवणातून प्रोटीन पुरत नसेल तर घ्या. क्रिएटिन रोज 3 ते 5 ग्रॅम, ताकद टिकते, फक्त सुरुवातीला पाण्यामुळं वजन किलोभर वाढू शकतं, घाबरू नका. कॅफिननं थोडी मदत होते पण दिवसाला 400 मिलिग्रॅमच्या वर नको, गरोदर असाल तर त्याहून खूपच कमी, आणि झोप उडत असेल तर फायदा गेलाच. ग्लुकोमॅनन नावाचा फायबर जेवणाआधी भरपूर पाण्यासोबत घेतला तर भूक जरा आवरते, कोरडा गिळू नका, घशात अडकतो. चरबी जाळण्यासाठी म्हणून विकतात त्या एल-कार्निटिन, सीएलए यांचा परिणाम इतका बारीक की टेपवर दिसणार नाही. ग्रीन टी प्या खुशाल, पण तिच्या अर्काच्या गोळ्यांमध्ये ईजीसीजी (ग्रीन टीतला मुख्य घटक) दिवसाला 800 मिलिग्रॅमच्या पुढं गेलं तर लिव्हरला त्रास होऊ शकतो. वजन उतरवायला म्हणून विकतात त्या गार्सिनिया फळाच्या गोळ्यांनी लिव्हर बिघडल्याच्याही केसेस आहेत. योहिम्बिन तर मुद्दाम हट्टी चरबीच्या नावानं विकतात कारण ते चरबी अडवून धरणारे अल्फा-2 रिसेप्टर बंद पाडतं, पण धडधड, घबराट, बीपी वाढणं हे सगळं त्यासोबत येतं, माझ्या मते अजिबात नको.

डबी हातात घेतलीच तर मागचं लेबल वाचा. प्रोप्रायटरी ब्लेंड लिहिलंय आणि खाली दहा नावं आहेत, पण कशाचं किती ते नाही? परत ठेवा. आणि एखादी गोळी खरंच भूक मारत असेल तर जास्तच सावध व्हा, हार्टच्या धोक्यामुळे 2010 मध्ये बाजारातून काढलेलं सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध हर्बल म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये लपवलेलं सापडलेलं आहे. चरबी जाळणारं म्हणून विकलं जाणारं डीएनपी नावाचं रसायन कुणी दिलं तर हातही लावू नका, त्यानं माणसं मेली आहेत.

तीन-चार आठवडे टेप आणि सरासरी वजन दोन्ही जागचं हललं नाही तर आधी आठवडाभर सगळं खाणं वजन करून लिहा, शनिवार-रविवारसकट, बहुतेक वेळा गळती तिथंच सापडते. ती नसेल तर शंभर-दीडशे कॅलरी कमी करा किंवा चालणं वाढवा. खूप महिने तुटीत असाल तर दोन आठवडे वजन स्थिर राहील एवढं खाऊन मग परत सुरू करा. हातपाय बारीक आणि पोटच वेगानं वाढतंय, पाळी अनियमित आहे, स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, किंवा पोट कडक फुगलेलं असतं, तर डाएट बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू मधून विलग झाले असतील तर फिजिओथेरपिस्टला दाखवा, कारण ती चरबी नाही आणि कितीही उपाशी राहिलात तरी तो उंचवटा जाणार नाही.